गैरसमज झाला, की अर्थ लावला?



इंग्रजी शिकविणाऱ्या शिक्षकांना एक अडचण नेहमी येते. ‘मिसअंडरस्टँड’ आणि ‘मिसइंटरप्रिट’ असे दोन शब्द आहेत. कोशात पहिल्यापुढे ‘गैरसमज होणे’ असे लिहिलेले असते आणि दुसऱ्यापुढे ‘चुकीचा अर्थ लावणे’. मुले विचारतात, ‘गुरुजी, दोन्ही एकच ना?’ आणि घंटा व्हायची वेळ झालेली असली, म्हणजे गुरुजीही ‘हो, जवळजवळ एकच’ असे म्हणून फळा पुसतात.

आता आपल्यापैकी जे शेतकरी बंधू ऐकत असतील त्यांना वाटेल, या इंग्रजी शब्दांचे आम्हांला काय? आमची धानाची रोवणी अजून अर्धी राहिली आहे. पण थोडे थांबा. चंद्रपूर आणि गडचिरोली या आपल्या दोन जिल्ह्यांत या दोन शब्दांतील फरक शाळेत, दवाखान्यात आणि जंगलाच्या नाक्यावर रोज भेटतो. आणि तो न ओळखल्यामुळे नुकसान होते ते बहुधा गावच्या माणसाचेच.

प्रथम शब्दांकडे पाहू. ‘गैर’ हा अरबी शब्द फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. ‘समज’ हा मात्र संस्कृतातून प्राकृतात आणि तेथून मराठीत उतरला. दोन परक्यांचे लग्न लागले आणि संसार असा जमला, की आज कोणाला ते परके होते याची आठवणही नाही. हा शब्द आपण कोणत्या क्रियापदाबरोबर चालवतो ते पाहा. ‘माझा गैरसमज झाला.’ ताप यावा, पाऊस पडावा, तसा गैरसमज ‘होतो’. त्यात कोणी काही केलेले नसते. ‘गैरसमज करून घेऊ नका’ असे आपण म्हणतो खरे, पण तीही विनवणीच असते, आरोप नसतो.

‘अर्थ’ या शब्दाची गोष्ट निराळी आहे. अर्थ ‘लागतो’ असे आपण म्हणतो, पण तो लागला म्हणजे बरोबर लागला, असेच आपल्या मनात असते. चुकीचा अर्थ आपोआप लागत नाही. तो कोणीतरी ‘लावतो’ किंवा ‘काढतो’. म्हणजे तेथे कर्ता आला, आणि कर्ता आला की जबाबदारी आली. इंग्रजीतील दोन शब्दांत जो फरक आहे, तो आपल्या मराठीने क्रियापदात सांभाळून ठेवला आहे. शिक्षकांनी मुलांना हा फरक कोशातून सांगण्यापेक्षा ‘झाला’ आणि ‘लावला’ यांवरून सांगावा. मुलांना तो ताबडतोब कळतो.

आणखी एक खूण आहे. ज्याला काहीच कळले नाही, त्याच्याबद्दल इंग्रज सहसा पहिलाच शब्द वापरील. दुसरा शब्द वापरावयाचा, तर त्या माणसाला काहीतरी दिसलेले किंवा ऐकू आलेले असले पाहिजे, आणि त्याने त्यातून स्वतःचा असा एक अर्थ काढलेला असला पाहिजे.

आता उदाहरण घेऊ. समजा, सातारा-पुण्याकडचे एक गुरुजी नव्याने आपल्या भागात बदलून आले आहेत. शाळेच्या आवाराला कुंपण घालावयाचे म्हणून गावकरी जमले आहेत. गुरुजी एका मुलाला विचारतात, ‘तुझे बाबा का आले नाहीत रे?’ मुलगा म्हणतो, ‘जेवून राहिले जी.’ गुरुजींच्या कानांना याचा अर्थ असा लागतो, की बाबा जेवले आणि घरीच राहिले. वास्तविक बाबा या घटकेला पानावर बसले आहेत आणि हात धुऊन निघणारच आहेत. विदर्भात ‘येऊन राहिलो’, ‘करून राहिलो’ म्हणजे येत आहे, करीत आहे. पुण्याकडे ‘येऊन राहिला’ म्हणजे आला आणि मुक्काम केला. शब्द तेच, व्याकरण निराळे. गुरुजींचाही दोष नाही, मुलाचाही नाही. हा शुद्ध गैरसमज. पाच मिनिटांनी बाबा खांद्यावर सब्बल घेऊन हजर होतात आणि गैरसमज मिटतो.

शेतीतही असेच आहे. पश्चिमेकडे ज्याला भाताची लावणी म्हणतात तिला आपल्याकडे धानाची रोवणी म्हणतात. आपल्याकडे भात म्हणजे ताटात वाढलेला. शेतात उभा आहे तो धान. तिकडून आलेल्या कृषी अधिकाऱ्याने ‘भाताला युरिया कधी देता?’ असे विचारले, तर बाईमाणसे पदराआड हसणारच. पण हसून झाल्यावर सांगतील आणि काम पुढे चालू होईल. गैरसमजाचे औषध साधे असते. पुन्हा सांगणे, सावकाश सांगणे, दुसऱ्या शब्दांत सांगणे.

आता त्याच शाळेत पुढच्या वर्गात चला. पहिलीचा वर्ग आहे. भामरागड किंवा एटापल्लीकडच्या एखाद्या पाड्यावरचे मूल समोर बसले आहे. घरी माडिया बोलतात. ती गोंडीच्या घरातली, म्हणजे द्राविड कुळातली बोली आहे. तिचे नाते तेलुगूशी आहे, मराठीशी नाही. गुरुजी मराठीत प्रश्न विचारतात. मूल गप्प. पुन्हा विचारतात. मूल खाली पाहते. गुरुजी हजेरीपटाशेजारच्या वहीत लिहितात, ‘अभ्यासात मंद’, किंवा ‘उत्तर देत नाही’.

येथे गैरसमज कोणाचा झाला? मुलाने काही म्हटलेच नाही. तेव्हा त्याचे म्हणणे चुकीचे ऐकू आले असे होऊ शकत नाही. गुरुजींना जे दिसले ते बरोबर दिसले. मूल गप्प होते. त्या गप्प राहण्याला त्यांनी अर्थ लावला. तो अर्थ त्यांच्या पदरचा होता, मुलाचा नव्हता. आणि तो एकदा वहीत उतरला, की पुढच्या वर्गाच्या गुरुजींना आयता मिळतो. त्यांना तर मुलाला प्रश्न विचारण्याचीही गरज राहत नाही. ‘मंद’ हे विशेषण चौथीपर्यंत त्या मुलाच्या मागे चालते आणि मग एक दिवस मूल शाळेत येईनासे होते. हजेरीपटावर त्याचे कारण ‘पालकांची अनास्था’ असे पडते. हाही पुन्हा लावलेला अर्थच.

येथे पुन्हा सांगून किंवा मोठ्याने सांगून काही होत नाही. त्याच मराठीत दहा वेळा विचारले तरी मूल दहा वेळा गप्प बसेल. येथे अर्थ लावणाऱ्यालाच आपला अर्थ मागे घ्यावा लागतो.

‘इंटरप्रिट’ या शब्दाचे मूळ लॅटिनमध्ये आहे. तेथे त्या मूळ शब्दाचा अर्थ मध्यस्थ असा होता. दोन माणसांच्या मध्ये उभा राहून व्यवहार जुळवून देणारा, एकाचे बोलणे दुसऱ्याला सांगणारा. म्हणजे आपला दुभाषी. हे लक्षात घेतले, म्हणजे दुसऱ्या शब्दाचा स्वभाव कळतो. अर्थ लावणारा हा नेहमी कोणाच्या तरी मधे उभा असतो. आणि जो मधे उभा असतो त्याच्या हाती मोठी सत्ता असते.

याचे जगाच्या इतिहासातले एक उदाहरण शिक्षकांच्या उपयोगी पडेल म्हणून सांगतो. आफ्रिकेत इथिओपिया नावाचे राज्य आहे. तेथला सम्राट मेनेलिक आणि इटलीचे सरकार यांच्यात १८८९ साली वुचाले येथे तह झाला. तह दोन भाषांत लिहिला गेला, तेथल्या अम्हारिक भाषेत आणि इटालियनमध्ये. सतराव्या कलमात परराष्ट्रांशी करावयाच्या व्यवहाराचा विषय होता. अम्हारिक मजकुराप्रमाणे सम्राटाला या कामी इटलीची मदत ‘घेता येईल’ असे होते. इटालियन मजकुराप्रमाणे हा व्यवहार इटलीच्या मार्फत ‘करावा’ असे होते. ‘येईल’ आणि ‘करावा’, एवढाच फरक. पण त्या आधारावर इटलीने सगळ्या जगाला कळविले, की इथिओपिया आता आमच्या संरक्षणाखाली आला. मेनेलिकने तह झुगारून दिला आणि १ मार्च १८९६ रोजी अडवाच्या लढाईत इटलीच्या फौजेचा पुरता पराभव केला. याला कोणी नुसता गैरसमज म्हणेल काय? ज्याला ‘करावा’ असे वाचण्यात लाभ होता त्याने तसे वाचले.

आपल्याकडे लढाया होत नाहीत, पण दुभाष्यावाचून पानही हलत नाही. १९७३ साली बाबा आमटे यांनी भामरागड तालुक्यात हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे तेथे राहू लागले. तेथे त्यांना माडिया भाषा शिकावी लागली. डॉक्टरने भाषा शिकावी, रोग्याने नव्हे, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. दुखणे सांगणाऱ्याला आधीच दुखत असते. त्याच्यावर भाषांतराचे ओझे कशाला?

दवाखान्याचीच आणखी एक हकीकत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग हे १९८६ साली गडचिरोलीत आले आणि त्यांनी ‘सर्च’ ही संस्था उभी केली. इथले आदिवासी सरकारी दवाखान्यात जाण्यास का भितात, असे त्यांनी लोकांनाच विचारले. तेव्हा कळलेल्या कारणांपैकी एक कारण पांढऱ्या कपड्यांचे होते. मेलेल्या माणसाला पांढऱ्या कापडात गुंडाळतात. दवाखान्यात तर डॉक्टर आणि नर्स सगळेच पांढऱ्यात. मग तेथे जीव वाचेल कसा? शहरातला माणूस हे ऐकून चटकन म्हणेल, ‘काय हा अडाण्यांचा गैरसमज!’ पण नीट विचार करा. पांढरा कपडा त्यांना पांढराच दिसला. आपल्या आयुष्यात पांढऱ्याला जो अर्थ आहे तो त्यांनी लावला. शहरातल्या माणसाने स्वच्छतेचा अर्थ लावला, तोही आपल्या आयुष्यातूनच. रोग्याला शहाणे करून सोडण्याचा एक मार्ग होता. बंगांनी दुसरा मार्ग घेतला. शोधग्राम येथे त्यांनी दवाखाना बांधला तो आदिवासी गावासारखा, झोपड्यांचा, जेथे रोग्याबरोबर घरच्यांना राहता येईल. आणि त्याला नाव दिले ते दंतेश्वरी मातेचे. दवाखाना तोच, औषध तेच. पण दारात उभे राहून पाहणाऱ्याला निराळा अर्थ लावता येऊ लागला.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा सगळा पसारा मांडला, तिच्याकडे येतो. ती गोष्ट बांबूची.

बांबू म्हणजे झाड की गवत? वनस्पतिशास्त्राला विचाराल तर तो गवताच्या कुळातला आहे, म्हणजे धानाचा आणि उसाचा भाऊबंद. पण १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात व्याख्या देताना ‘झाड’ या शब्दात बांबूही धरला होता. झाड तोडले की त्याचे लाकूड होते आणि लाकूड हे सरकारचे. आपल्या भागात निस्तारासाठी मिळेल तेवढा बांबू लोकांना, बाकीचा ठेक्याने कागद कारखान्याला, असा कारभार वर्षानुवर्षे चालला.

पुढे २००६ साली वनहक्कांचा कायदा झाला. त्यात गौण वनोपजाची व्याख्या दिली आहे. मध, मेण, लाख, तेंदूपत्ता, कंदमुळे यांच्याबरोबर तेथे बांबूचे नाव स्वच्छ लिहिले आहे. आणि गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा व विकण्याचा मालकी हक्क वनात राहणाऱ्यांना दिला आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंडांच्या गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. देशात असा हक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांत हे गाव आहे.

हक्काचा कागद हाती आला. ग्रामसभेने बांबू विकावयाचे ठरवले. पण बांबू गावाबाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना पाहिजे, ज्याला आपल्याकडे सगळे ‘टीपी’ म्हणतात. तो मिळेना. कारण विचारले तर उत्तर असे, की बांबू हे झाड आहे आणि झाडाला गौण वनोपज म्हणता येत नाही.

श्रोतेहो, येथे थांबून आपला प्रश्न विचारू. हा गैरसमज होता काय? नव्या कायद्यातले ‘बांबू’ हे अक्षर कोणाला वाचता येत नव्हते, असे नाही. दोन कायदे समोर होते. एकात बांबू झाड होता, दुसऱ्यात गौण वनोपज. कोणता अर्थ धरावयाचा, हे ज्याच्या हातात परवान्याचे पुस्तक होते त्याने ठरवले, आणि जुना अर्थ धरला. हे अर्थ लावणे झाले. याला जर ‘गैरसमज’ म्हटले असते, तर गावाने काय केले असते? पुन्हा एकदा जाऊन समजावून सांगितले असते. मग आणखी एकदा. प्रत्येक वेळी ‘बघू, वर विचारतो’ असे उत्तर मिळाले असते, कारण ज्याला समजलेलेच आहे त्याला समजावणार काय?

मेंढ्याने हा फरक बरोबर ओळखला असे मला वाटते. त्या गावाची एक जुनी सवय त्यांच्या कामी आली. देवाजी तोफा यांच्यासारखे गावातले कार्यकर्ते आणि चंद्रपूरच्या ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांच्या संगतीने गावात अभ्यास मंडळ चालत असे. एखादा विषय घेऊन बसावयाचे, कायद्यात काय लिहिले आहे ते सगळ्यांनी समजून घ्यावयाचे, आणि मग ग्रामसभेत निर्णय बहुमताने नव्हे, तर सर्वांच्या सहमतीने घ्यावयाचा. एकाचे जरी मन घेत नसेल तरी बोलणे पुढे चालू. यात वेळ फार जातो, ही तक्रार खरी आहे. पण एक झाले. गावातल्या माणसाला कायद्यातली व्याख्या तोंडपाठ झाली. त्यांनी साहेबाला ‘आमच्यावर दया करा’ असे म्हटले नाही. कायद्याचे हे कलम वाचा आणि याचा दुसरा अर्थ कसा होतो ते सांगा, असे म्हटले.

प्रश्न वर दिल्लीपर्यंत गेला. मार्च २०११ मध्ये त्या वेळचे केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश यांनी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून बांबू हे गौण वनोपज मानावे असे कळविले. २७ एप्रिल २०११ रोजी ते आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण स्वतः मेंढ्यात आले आणि वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. परवाना मागणारे गाव त्या दिवसापासून परवाना देणारे झाले. दोन वर्षे लागली. कायद्याचे एक अक्षरही त्यात बदलले नव्हते. बदलला तो फक्त लावलेला अर्थ.

याच गावाची एक घोषणा पुष्कळांच्या कानावर असेल. दिल्ली-मुंबईत आमचे सरकार आणि आमच्या गावात आम्हीच सरकार. तिचा पहिला भाग गाळून जो नुसता दुसरा भाग सांगतो आणि ‘पाहा, हे सरकार मानत नाहीत’ असे म्हणतो, त्याचा गैरसमजही झालेला नसतो आणि त्याने भोळेपणाने चुकीचा अर्थही लावलेला नसतो. त्यासाठी आपल्या भाषेत तिसरा शब्द आहे, विपर्यास. पहिला ‘होतो’, दुसरा ‘लावतात’, तिसरा ‘करतात’. इंग्रजीतल्या ‘मिसइंटरप्रिट’मध्ये भोळा आणि लबाड दोघेही बसू शकतात. आपण त्यांना वेगळे बसवतो. शिक्षकांनी भाषांतर करताना ‘मिसइंटरप्रिट’ला सरसकट ‘विपर्यास’ लिहू नये, हे या निमित्ताने सांगून ठेवतो. नाहीतर वर्गातल्या त्या गुरुजींना उगीच लबाड ठरवल्यासारखे होईल. त्यांच्या मनात मुलाविषयी काही वाईट नव्हते. मुलाचे नुकसान मात्र झाले ते झालेच.

‘तुमचा काहीतरी गैरसमज झालेला दिसतो’ हे वाक्य आपण कचेरीत पुष्कळदा ऐकतो. ते गोड आहे आणि पुष्कळदा खरेही असते. पण ते कोण कोणाला म्हणतो याकडे लक्ष ठेवावे. खुर्चीवरचा माणूस उभ्या माणसाला म्हणतो. उभ्या माणसाने खुर्चीवरच्याला तसे म्हटल्याचे फारसे ऐकू येत नाही. अशा वेळी वाद न घालता एवढेच विचारावे, की ‘साहेब, कागदावर कोणता शब्द आहे तो दाखवता का?’ शब्द दाखवला आणि आपली समजूत चुकीची निघाली, तर आनंदाने घरी यावे. शब्द दाखवला नाही, तर तो अर्थ कोणीतरी लावलेला आहे असे समजून पुढच्या ग्रामसभेत विषय घ्यावा.

जाता जाता बांबूविषयीच एक खुलासा. २०१७ साली १९२७ चा कायदा दुरुस्त झाला आणि झाडाच्या व्याख्येतून बांबू काढून टाकण्यात आला. जंगलाबाहेर, स्वतःच्या शेतात किंवा बांधावर बांबू लावणाऱ्याला तोडणीचा आणि वाहतुकीचा जाच राहू नये, हा त्यामागचा हेतू होता. पण ‘बांबू आता गवत झाला, कोणीही कुठूनही तोडावा’ असे जर कोणी म्हणत असेल, तर तसे नाही. जंगलातला बांबू अजूनही वनोपजच आहे आणि त्याला वनाचे कायदे लागू आहेत. ज्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आहे तेथे ग्रामसभेला विचारून, आणि जेथे मिळालेला नाही तेथे वनखात्याच्या नियमाने, असेच आजही चालावे लागते. तसे म्हणणाऱ्या आपल्या शेजाऱ्याचा मात्र खरोखरच गैरसमज झालेला आहे. तो कुऱ्हाड घेऊन निघण्यापूर्वी त्याला एकदा नीट समजावून सांगा.